सनद मिळाल्यानंतर: तंत्रज्ञानाचे व्यापारी दावे आणि विनाशुल्क वकिली कशी सुरू करावी

पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. मी तिथे पहिल्यांदा गेले ती एका सॉफ्टवेअर कंपनीचा मध्यस्थीचा अर्ज घेऊन. थकलेल्या बिलांची रक्कम सव्वा कोटी. माझ्या आधी एक मावशी बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, पासबुकात घडी घातलेली पोलीस तक्रारीची पोच. चार घरची धुणीभांडी करून साठवलेले ६२ हजार रुपये एका रात्रीत खात्यातून गेले होते आणि बँक म्हणत होती, ओटीपी तुम्हीच कुणाला तरी दिला असणार. मावशी म्हणत होत्या, मेसेज आलाच नाही तर देऊ काय?

माझ्या अशिलाचा आणि मावशींचा प्रश्न एकच होता. यंत्रातली नोंद एक सांगते, माणूस दुसरंच सांगतो, आणि यातलं खरं काय ते पुराव्याने उभं करायचं आहे. माझ्या अशिलाकडे त्यासाठी वकील होता, मावशींकडे नव्हता.

नुकती सनद मिळालेल्या, किंवा एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. तंत्रज्ञानाच्या वादांत उभं राहायचं तर काय शिकावं, कोणत्या क्रमाने शिकावं आणि विनाशुल्क काम त्यात कुठे बसवावं, हे सोळा वर्षांत मला जसं उमगत गेलं तसं सांगते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. विनाशुल्क काम ‘जम बसल्यावर बघू’ म्हणून मागे ठेवू नका. दोन्हीकडे कसब तेच लागतं, आणि दोन्हीकडची चूक दुसऱ्याला भोगावी लागते.

पायरी १ : हे काम नेमकं काय आहे

‘टेक लॉ’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर एआय आणि क्रिप्टो येतं. रोजचं काम बरंच जमिनीवरचं असतं. चाकणच्या कारखान्याने ईआरपी (माल, बिलं, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायला दिलं, दीड वर्षाने ते अर्धवट चालतंय, कारखाना पैसे अडवून बसलाय. कंपनी सोडताना एखादा इंजिनिअर सोर्स कोड पेन ड्राइव्हवर घेऊन गेला. दोन भागीदार फुटले आणि डोमेनचा पासवर्ड एकाकडेच राहिला. असले वाद.

मुंबई उच्च न्यायालयाला हा विषय नवा नाही. १९९९ मध्येच ‘रेडिफ’ने ‘रॅडिफ’ नावाचं डोमेन वापरणाऱ्यांविरुद्ध दाद मागितली होती, आणि डोमेन नेम म्हणजे निव्वळ इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, त्याला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, असं न्यायालयाने म्हटलं. पंचवीस वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, त्याच न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखलं. हे दोन निवाडे एका बैठकीत वाचा. यंत्रं बदलली आहेत. प्रश्न मात्र आजही तोच आहे, की दुसऱ्याने कमावलेल्या नावावर, आवाजावर फुकट कमाई करता येते का.

पायाभूत कायदे चारच घ्या आणि ते मुळातून वाचा: करार कायदा १८७२, कॉपीराइट कायदा १९५७, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आणि व्यापारी न्यायालये कायदा २०१५. संगणक प्रोग्राम कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’ म्हणून मोडतो, हे कळल्यावर सोर्स कोडचे निम्मे वाद सोपे वाटायला लागतात. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, त्यामुळे तिथे सगळा भार करारातल्या गोपनीयतेच्या कलमावर येतो. आणि नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही, असं लिहून घेतलेलं करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कराराची मुदत संपल्यानंतरचं बंधन असंच मोडीत काढलं होतं. अशील तावातावाने ‘त्याला कुठेच नोकरी करू देऊ नका’ म्हणत येतो, तेव्हा हे पहिल्याच भेटीत सांगावं लागतं.

पायरी २ : सनद, चेंबर आणि पोटापाण्याचं गणित

सनदेसाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करायचा. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नोंदणीचं शुल्क कायद्यात लिहिलं आहे त्याहून जास्त घेता येणार नाही: खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा.

चेंबर निवडताना मुलं नावाकडे बघतात. तुम्ही बोर्डाकडे, म्हणजे त्यांच्या रोजच्या प्रकरणांच्या यादीकडे बघा. ज्या सीनियरकडे जायचा विचार आहे त्यांची प्रकरणं आठवडाभर न्यायालयात मागे बसून ऐका. ज्युनियरला उभं राहू देतात का? तारीख मागण्यापलीकडे काही बोलू देतात का? मसुदा तपासून परत देतात की स्वतःच नव्याने लिहितात? मला पहिल्या सीनियरनी माझा प्रत्येक मसुदा लाल शाईने भरून परत दिला. तेव्हा रडू यायचं. आज त्या लाल खुणांवरच माझं घर चालतं.

पैशाबद्दल स्पष्ट बोला. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरना शहरी भागात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये दरमहा द्यावेत अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, सक्ती नाही. पण मागताना हा आकडा तुमच्या हाताशी असू द्या. घरून आधार नसेल तर सरळ लॉ फर्ममध्ये सुरुवात करा, त्यात कमीपणा नाही. फक्त एक करा. पहिल्या तीन वर्षांत कुठे ना कुठे जिल्हा न्यायालयात साक्षीपुरावा जवळून पाहा. मुंबईत फोर्टातल्या उच्च न्यायालयात युक्तिवाद ऐकून वकील चटपटीत होतो, उलटतपासणी मात्र खालच्या कोर्टातच शिकायला मिळते. तंत्रज्ञानाच्या दाव्यात कंपनीचा सिस्टीम ॲडमिन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो, तेव्हा तीच लागते.

दोन नियम पहिल्या दिवसापासून पाळा. जाहिरात करायची नाही, आणि निकालावर ठरणारी फी घ्यायची नाही. स्टार्टअपवाले मित्र ‘जिंकलो तर दहा टक्के’ असं अगदी सहज म्हणतात. तिथेच नाही म्हणा.

पायरी ३ : आधी दार कोणतं ते ठरवा

नवख्या वकिलाची सगळ्यात महाग चूक इथे होते. कागद हातात आले की तो दावा लिहायला बसतो. आधी हे ठरवा की जायचं कुठे.

करारात लवादाचं कलम (वाद न्यायालयाऐवजी दोघांनी नेमलेल्या पंचाकडे न्यायचा, अशी अट) आहे का? असेल तर न्यायालयात जाऊन उपयोग नाही, समोरचा पहिल्याच तारखेला ते कलम दाखवेल. तातडीचं संरक्षण हवं असेल तर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली न्यायालयाकडे जाता येतं, मूळ वाद मात्र लवादापुढे. हे कलम मुख्य करारात नसेल आणि मागच्या बाजूला जोडलेल्या अटींमध्ये किंवा पर्चेस ऑर्डरच्या तळाशी बारीक अक्षरात असेल, म्हणून सगळे कागद वाचल्याशिवाय मत देऊ नका.

वाद व्यापारी आहे का? तंत्रज्ञान विकासाचे करार, सेवा पुरवण्याचे करार, लायसन्स, बौद्धिक संपदा, डोमेन हे सगळं व्यापारी न्यायालये कायद्याच्या व्याख्येत बसतं. रकमेची मर्यादा आधी १ कोटी होती, २०१८ च्या दुरुस्तीने ती ३ लाखांवर आली. म्हणजे बावधनच्या चार माणसांच्या वेबसाइट कंपनीचं साडेतीन लाखांचं थकीत बिलसुद्धा व्यापारी दावा ठरू शकतं, आणि मग सगळे कडक नियम लागू होतात.

त्या नियमांपैकी दोन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक, तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे. कलम १२ए. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात हे ठामपणे सांगितलं. मध्यस्थीशिवाय दाखल झालेलं वादपत्र फेटाळलं जातं. त्यातून सुटायला उगाच तातडीचा अर्ज जोडला, तर न्यायालय तो खरा आहे का हे तपासतं. दोन, प्रतिवादीने कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची. कारण दाखवून आणि खर्च भरून जास्तीत जास्त १२० दिवसांपर्यंत. १२१व्या दिवशी हक्क संपला, न्यायाधीशांच्या मनात असलं तरी मुदत वाढत नाही. साध्या दिवाणी दाव्यांच्या सैल तारखांना सरावलेला वकील इथे अशिलाचं कायमचं नुकसान करून बसतो. समन्स मिळालं त्या दिवशीच ३०वा आणि १२०वा दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करा. मी अजून करते, मोबाइलमध्ये आठवण लावली असली तरी.

आणि तिसरं दार, जे कित्येकांना माहीतच नसतं. सिस्टीममध्ये विनापरवानगी शिरकाव, डेटाचोरी, ऑनलाइन फसवणूक यांतून झालेल्या नुकसानीची भरपाई माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली मागायची असेल, आणि मागणी ५ कोटींपर्यंत असेल, तर ती न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे मागायची असते. हा अधिकार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या सचिवांकडे असतो. जे काम त्यांच्या कक्षेत येतं त्यात दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही. २०१३ मध्ये या मार्गाने पुण्याच्या एका उद्योगाला मोठा दिलासा मिळाला होता. फिशिंगने खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली होती आणि बँकेला ४५ लाख भरायला सांगितलं गेलं. अपील दिल्लीला, दूरसंचार अपीलीय न्यायाधिकरणाकडे.

पायरी ४ : इंजिनिअरशेजारी खुर्ची टाकून बसा

कोडिंग यायला हवं का, असं मुलं विचारतात. यायलाच हवं असं नाही. पण काम कसं चालतं ते कळायला हवं, आणि ते पुस्तकातून कळत नाही. अशिलाच्या ऑफिसात जा, टेस्टिंग करणाऱ्या मुलीशेजारी बसा आणि म्हणा, मला हे स्क्रीनवर करून दाखवा. बग कुठे नोंदवता? बंद कोण करतं? नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली हे कुठे दिसतं? कोडमधला प्रत्येक बदल कोणाच्या नावे, किती वाजता नोंदला जातो? अशी दोन तासांची बैठक दहा कॉन्फरन्स कॉलना भारी पडते.

त्यानंतर एक तक्ता करा. माझी सगळी वकिली या एका तक्त्यावर उभी आहे. पाच रकाने: तारीख आणि वेळ, काय घडलं, कोणी केलं, कोणत्या कागदावरून, आणि तो कागद कोणाच्या ताब्यात. ईमेल, मीटिंगची टिपणं, व्हॉट्सॲप, बिलं, बग नोंदवलेली टिकिटं, सगळं एकाच ओळीने, तारखेनुसार. वकील मंडळी ईमेलची फाइल वेगळी, बिलांची वेगळी, चॅटची वेगळी ठेवतात, आणि खरी गोष्ट त्या फायलींच्या मधल्या फटीत पडून राहते.

आमच्या त्या सव्वा कोटीच्या प्रकरणात समोरच्यांचं म्हणणं होतं की सॉफ्टवेअर कधी स्वीकारलंच नाही, युजर टेस्टिंग नापास झालं. ईमेलमध्ये तसंच दिसत होतं: तक्रारीवर तक्रार. चौथ्या दिवशी तक्ता भरताना आमच्या ज्युनियरला दिसलं की ज्या आठवड्यात तक्रारींचे सगळ्यात कडक ईमेल आहेत, त्याच आठवड्यात त्यांच्या गोदामातून रोज माल पाठवल्याची दीडशेच्या वर चलनं त्याच सॉफ्टवेअरमधून निघाली आहेत. नापास म्हणतात त्या यंत्रावर अख्खा धंदा चालू होता. ईमेल एका फाइलमध्ये, सर्व्हरची नोंद दुसरीत. शेजारी ठेवेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मध्यस्थीत तो एकच कागद पुढे ठेवला आणि बोलण्याचा सूर बदलला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तक्ता प्रामाणिकपणे भरलात तर आपल्या अशिलाची चूकही त्यात दिसते. ती सांगायचं धाडस पहिल्या भेटीतच करा. व्यापारी न्यायालयात ताब्यातले सगळे संबंधित कागद, आपल्याविरुद्ध जाणारेसुद्धा, यादीत उघड करावे लागतात आणि त्याखाली सत्यतेचं निवेदन सही करून द्यावं लागतं. अशील म्हणाला ‘तो मेल डिलीट करून टाकू’, तर त्याला त्याच क्षणी थांबवा, आणि थांबवलं हे लेखी कळवा.

पायरी ५ : डिजिटल पुरावा, आणि जालन्याची गोष्ट

हा भाग घाईने वाचू नका.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याच्या जागेचा निकाल अवघ्या २९६ मतांनी लागला. हरलेल्या बाजूचा आक्षेप होता की विजयी उमेदवाराचा अर्ज दुपारी ३ वाजताची मुदत उलटल्यावर घेतला गेला, आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांत ते चित्रित झालं आहे. चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या. पण इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात आणायला तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बी खाली प्रमाणपत्र लागत होतं, आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल. आज देशातल्या प्रत्येक न्यायालयात, सॉफ्टवेअरपासून घटस्फोटापर्यंत, डिजिटल पुराव्याचा वाद निघाला की जालन्याचं हे नाव घ्यावंच लागतं.

त्यातून तीन गोष्टी घ्या. प्रत दाखल करत असाल तर प्रमाणपत्र हवंच, ‘साधारण पूर्तता झाली’ हे चालत नाही. मूळ लॅपटॉप किंवा फोनच हजर केला आणि त्याच्या मालकाने साक्षीत तो आपला आहे आणि माहिती त्यातली आहे हे सांगितलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि प्रमाणपत्र देणारा देत नसेल तर हात जोडून बसू नका; न्यायालयाकडे अर्ज करून त्याला हुकूम द्यायला लावा. तुम्ही शक्य ते सगळं केलं हे रेकॉर्डवर दिसलं पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि आता कलम ६३ बघायचं. प्रमाणपत्राचा नमुनाच कायद्याच्या परिशिष्टात दिला आहे. भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा पूर्ण बदलतो. म्हणून अशिलाने फाइल दिली की उघडण्याआधी, मूळ जागेवरून प्रत काढतानाच, हॅश काढून घ्या. आमच्या एका प्रकरणात अशिलाच्या ऑफिसातल्या मुलाने एक्सेल शीट ‘जरा नीट दिसावी’ म्हणून रकाने रुंद करून सेव्ह केली. आकडा एकही बदलला नव्हता, हॅश मात्र बदलली, आणि उलटतपासणीत पाऊण तास त्या रुंद रकान्यांवर गेला. नव्या कायद्याआधीपासून चालू असलेल्या कामांना जुनाच कायदा लागतो, हेही तपासून घ्या.

स्क्रीनशॉटवर विसंबू नका. चॅट असेल तर फोन जपून ठेवायला सांगा, फॉरमॅट करू नका, सर्व्हिसिंगला देऊ नका. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस उघडल्याची खूण दिसते म्हणून बजावणी झाली असं मान्य केलं होतं. खुणेला इतकी किंमत मिळू शकते, पण ती खूण ज्या यंत्रावर आहे ते यंत्र जागेवर असलं पाहिजे.

पायरी ६ : लिहिणं आणि उभं राहणं

न्यायाधीशांसमोर त्या दिवशी सत्तर प्रकरणं आहेत. तुमच्या एपीआयमध्ये (दोन सॉफ्टवेअरना जोडणाऱ्या दुव्यामध्ये) त्यांना रस असेलच असं नाही. ‘सिस्टीमचं इंटिग्रेशन फेल झालं’ असं लिहू नका. लिहा: कारखान्याने माल पाठवला की बिल आपोआप तयार व्हायला हवं होतं, ते होत नव्हतं, म्हणून तीन कारकून रोज हाताने बिलं करत होते. मग करारातलं कलम, मग तारीख.

निवाडा स्वतः वाचल्याशिवाय टाकू नका. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे दाखल करणाऱ्या वकिलांना ५ हजार डॉलरचा दंड झाला. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणी रद्द केली, कारण तिच्यात आधार म्हणून घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआय शोधायला वापरा, पण निकालपत्र मुळातून उघडून परिच्छेद क्रमांकासह वाचा.

पायरी ७ : विनाशुल्क काम, त्याच शिस्तीने

१९७८ मध्ये एम. एच. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात एका कैद्याचं अपील चार वर्षं उशिरा आलं होतं, कारण निकालाची प्रत त्याच्या हातातच पडली नव्हती. गरजू कैद्याला वकील देणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिथे लिहिलं. बार कौन्सिलच्या नियमांतही, जमेल त्या मर्यादेत गरिबाला मोफत मदत करणं हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक म्हटलं आहे. म्हणजे हा उपकार नाही, सनदेबरोबर आलेलं काम आहे.

सुरुवात कुठून? विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर येण्यासाठी साधारण तीन वर्षांचा अनुभव मागतात, आणि त्या कामाचं मानधन प्राधिकरण देतं. तोवर थांबू नका. केंद्रीय विधी खात्याच्या ‘न्याय बंधू’ या योजनेत विनाशुल्क काम करणाऱ्या वकिलांची नोंदणी होते. सीनियरच्या मोफत प्रकरणांचे मसुदे मागून घ्या. १५१०० ही मोफत विधी सेवेची हेल्पलाइन आहे, सायबर फसवणुकीसाठी १९३०. हे दोन आकडे सोसायटीच्या वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगा. आणि हे लक्षात ठेवा की महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले लोक यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कित्येक वकिलांनाच हे माहीत नसतं आणि ते बाईला उत्पन्नाचा दाखला आणायला पिटाळतात.

तंत्रज्ञानाच्या वकिलाची गरज इथे किती आहे, त्याचं एक उदाहरण मनातून जात नाही. बँक खातं उघडताना फोनचा कॅमेरा सांगतो, डोळ्यांची उघडझाप करा. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बाईने काय करायचं? ती जिवंत माणूस आहे हेच यंत्र मान्य करत नाही. अशा पीडिता आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगून केवायसीबाबत २० निर्देश दिले. यंत्र कुठे अडतं ते नेमकं दाखवून देणारा वकील नसता तर ही गोष्ट न्यायालयापर्यंत पोचली नसती. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, आणि त्यातून सुरू झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ए (ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर गुन्हा ठरवणारं) घटनाबाह्य ठरवलं, तेही असंच.

मोफत प्रकरण घेताना पैशाच्या प्रकरणासारखंच पत्र लिहा: मी काय करणार, काय नाही, टायपिंग-झेरॉक्सचा खर्च कोणाचा, कोणत्या टप्प्यापर्यंत. मराठीत, मोठ्या अक्षरांत. आणि कागद बघण्याआधी समोरच्या बँकेचं नाव विचारा. तुमच्या चेंबरकडे त्याच बँकेची कामं असतील तर तुम्हाला ते घेता येणार नाही. तेव्हा नुसतं नाही म्हणून पाठवू नका, दुसऱ्या वकिलाशी फोनवर बोलून मग पाठवा. एका वेळी दोनच घ्या. दहा घेऊन तारखा चुकवण्यापेक्षा ते बरं.

आता मावशींकडे येते. त्या दिवशी मी माझा अर्ज देऊन बाहेर आले आणि त्यांच्याशेजारी बसले. त्यांच्यासाठीही तोच पाच रकान्यांचा तक्ता काढला. मी विचारलं, आदल्या संध्याकाळी फोन चालू होता का? मावशी म्हणाल्या, ‘चालू होता की. पण रेंजच नव्हती. पोरगी रात्री फोन लावत होती, लागला नाही म्हणाली.’ हे त्यांनी पोलिसांना सांगितलं नव्हतं, कारण रेंज जाणं ही त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. आम्ही मोबाइल कंपनीला लेखी विचारलं. उत्तर आलं: त्या संध्याकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी त्यांच्या नंबरचं डुप्लिकेट सिम दुसऱ्या तालुक्यात दिलं गेलं होतं. ओटीपी आला होता, तो त्या सिमवर.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगत होतं की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल, आणि ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ग्राहक चुकला हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच आधारावर एका बँकेला ७६ लाख ९० हजारांवर रक्कम परत करायला लावली. (अशी परिपत्रकं बदलत असतात; वापराल त्या दिवशी ताजी प्रत काढा.) मावशी दुसऱ्याच दिवशी सकाळी शाखेत गेल्या होत्या, पण तिथे कुणी पोच दिली नव्हती. कामी आली ती पासबुकातली घडी घातलेली पोलिसांची पोच. तिच्यावर तारीख होती, आणि तक्रारीच्या मजकुरात ‘सकाळी बँकेत जाऊन आले’ हे एक वाक्य होतं.

बँकेला लेखी तक्रार, ३० दिवस वाट, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज, सोबत तक्ता आणि चार कागद. फी लागली नाही, तारखा पडल्या नाहीत. मोफत प्रकरण म्हणजे दावाच, असं धरून बसू नका. जे दार लवकर उघडतं ते ठोठवा.

तो तक्ता अजून माझ्याकडे आहे, नव्या ज्युनियरना मी तोच दाखवते. एकूण अकरा ओळी. शेवटची ओळ मावशींनी स्वतः सांगितली, मी लिहिली. तारीख, ६२ हजार जमा, बँकेने केले, कागद – पासबुक, पान ९, ताबा – मावशींकडे.